व्हिसा माफ, अटी कायम : मलेशियाला जाण्यापूर्वी काय तपासावे?

रायपूर शहरातील पंडरी हा भाग छत्तीसगडमध्ये कापड बाजारासाठी ओळखला जातो. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येणारे किरकोळ व्यापारी येथून माल नेतात. लग्नसराईच्या दिवसांत बाजाराला क्षणाची उसंत नसते आणि हंगाम ओसरला की चार दिवस बाहेर जाण्याचे बेत आखले जातात. पूर्वी हे बेत पुरी, तिरुपती किंवा शिर्डी येथवर थांबत. अलीकडच्या काही वर्षांत त्यांत क्वालालंपूर आणि बँकॉक यांचीही भर पडली आहे. 'आता व्हिसा लागत नाही' हे वाक्य त्यामागील एक मोठे कारण आहे.

हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. व्हिसा माफ होणे आणि प्रवेशाचा हक्क मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे प्रवासापूर्वी संबंधित देशाच्या दूतावासाकडून किंवा संकेतस्थळावरून घ्यावयाची परवानगी. ती माफ झाली म्हणजे प्रवासापूर्वीची एक पायरी कमी झाली. ज्या प्रश्नांची छाननी पूर्वी घरी बसून भरलेल्या अर्जावर होत असे, ती आता परक्या देशाच्या विमानतळावर, रांगेत उभे असताना होते. तेथे उत्तर समाधानकारक ठरले नाही तर पुढच्या विमानाने परत यावे लागते आणि तिकिटाचे पैसे, हॉटेलचे आरक्षण व घरातील मंडळींचा उत्साह सारेच वाया जाते.

सवलत नेमकी कोणती?

मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस भारतीय आणि चिनी नागरिकांसाठी व्हिसा माफीची घोषणा केली. १ डिसेंबर २०२३ पासून ती अमलात आली. त्यापूर्वी भारतीयांना इलेक्ट्रॉनिक व्हिसा घ्यावा लागे किंवा १५ दिवसांच्या भेटीसाठी 'ई-एन्ट्री' ही संगणकीय नोंदणी करावी लागे. माफीची पहिली मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत होती. ती नंतर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढविण्यात आली.

या सवलतीनुसार भारतीय पासपोर्टधारकास कमाल ३० दिवस मलेशियात राहता येते. पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यावसायिक बैठक अशा अल्पकालीन कारणांसाठी ही सवलत आहे. नोकरी, मजुरी किंवा शिक्षण यांसाठी ती नाही. ३० दिवस ही कमाल मर्यादा असून प्रत्यक्ष किती दिवसांची मुभा द्यावयाची हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवितो. म्हणून शिक्का मिळताच त्यावरील तारीख वाचून घेणे इष्ट ठरते. मुदत पुढे वाढवून मिळेल असे गृहीत धरून कार्यक्रम आखू नये.

येथे मुदतीचा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा लागतो. अशा सवलती कायमच्या नसतात. थायलंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांची व्हिसा माफी तात्पुरती दिली, मग तिची मुदत वाढविली आणि १५ जुलै २०२४ पासून वास्तव्याची मर्यादा ६० दिवस केली. पुढे ही मर्यादा कमी करण्याची चर्चा तेथील सरकारी पातळीवर सुरू झाली. सारांश, शेजाऱ्याने गेल्या वर्षी केलेला प्रवास हा यंदाच्या नियमांचा पुरावा होऊ शकत नाही. तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात, असे दोनदा त्या देशाच्या दूतावासाचे किंवा इमिग्रेशन विभागाचे अधिकृत संकेतस्थळ पाहणे आवश्यक आहे.

पासपोर्ट : सहा महिन्यांचा हिशेब

पहिली अट पासपोर्टची. मलेशियात पाऊल ठेवण्याच्या दिवसापासून पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. अनेकांची गफलत येथेच होते. पासपोर्टवरील अंतिम तारीख अजून उलटलेली नाही, म्हणजे तो चालेल, असा समज असतो.

समजा, पंडरीतील एका कुटुंबाने १० नोव्हेंबरला क्वालालंपूरला पोहोचण्याचे ठरविले. घरातील चौघांचेही पासपोर्ट पुढील वर्षाच्या १० मे पर्यंत तरी वैध असले पाहिजेत. एकाचा पासपोर्ट २८ फेब्रुवारीला संपत असेल, तर भारतात तो पूर्ण वैध आहे, पण या प्रवासासाठी अपुरा आहे. ही त्रुटी मलेशियात नव्हे, भारतातच उघड होते. कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. त्यामुळे कंपनीचे कर्मचारी बोर्डिंग पास देण्यापूर्वीच कागदपत्रे तपासतात आणि कमी मुदतीच्या पासपोर्टवर प्रवास करू देत नाहीत.

मुलांच्या पासपोर्टबाबत अधिक सावध राहावे लागते. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांसाठी असतो. लहान मुलांचा मात्र पाच वर्षांचाच असतो. आईवडिलांचे आणि मुलांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले असले तरी मुलांचे निम्म्या काळात संपतात. नूतनीकरणासाठी छत्तीसगडमधील अर्जदारांना रायपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीतील केंद्रांवर अर्ज करता येतो. ३६ पानांच्या प्रौढ पासपोर्टसाठी सर्वसाधारण शुल्क १,५०० रुपये असून तत्काळ सेवेसाठी त्यावर २,००० रुपये अधिक भरावे लागतात. चिप असलेले ई-पासपोर्ट देण्यास ज्या कार्यालयांतून सुरुवात झाली, त्यांत नागपूर आणि रायपूर यांचा समावेश होता. मात्र ई-पासपोर्ट नाही म्हणून जुना पासपोर्ट बाद होत नाही. तो त्याच्या मुदतीपर्यंत वैधच असतो.

पासपोर्टची स्थितीही पाहिली जाते. पाने फाटलेली, भिजून चिकटलेली किंवा छायाचित्र पुसट झालेले असेल तर अडचण येऊ शकते. शिक्क्यासाठी कोरे पान असावे.

नावाचा प्रश्न

मराठी कुटुंबांत आणखी एक बाब हमखास डोके वर काढते, ती म्हणजे नाव. रायपूरशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रांतात होते. या काळात आलेली अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव ही मराठी रीत त्यांनी टिकवून ठेवली.

पासपोर्टवर मात्र 'दिलेले नाव' आणि 'आडनाव' असे दोनच रकाने असतात. मधले नाव काहींच्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात असते, काहींच्या नसते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत आधार कार्डावर एक आणि पासपोर्टवर दुसरे, अशीही स्थिती आढळते. देशांतर्गत विमानप्रवासासाठी आधार कार्डावरील नाव चालून जाते. परदेशप्रवासात तसे नाही. तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि प्रवेशाची संगणकीय नोंदणी या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवर छापलेले नावच, त्याच वर्णलेखनासह असावे. ट्रॅव्हल एजंटला दूरध्वनीवरून नाव सांगण्याऐवजी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत देणे अधिक सुरक्षित होय.

प्रवेशाची डिजिटल नोंद

व्हिसा माफ झाला त्याच सुमारास मलेशियाने 'मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड' ही संगणकीय नोंदणी सुरू केली. ही नोंदणी म्हणजे व्हिसा नव्हे. विमानात भरावयाच्या कागदी अर्जाची जागा तिने घेतली आहे. ती मलेशियाच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर, पोहोचण्याच्या दिवसाआधीच्या तीन दिवसांत करावयाची असते. कुटुंबातील प्रत्येकाची, लहान मुलांचीही, वेगळी नोंद लागते. पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक, पोहोचण्याची व परतण्याची तारीख आणि मुक्कामाचा पत्ता ही माहिती भरावी लागते.

या नोंदणीस कोणतेही शुल्क नाही. तरीही शोधयंत्रावर नाव टाकताच शुल्क मागणारी अनेक खाजगी संकेतस्थळे समोर येतात. त्यांची मांडणी सरकारी पृष्ठासारखी असते. पैसे मागणारे पृष्ठ दिसले की ते अधिकृत नाही असे समजून तेथे पासपोर्टचा तपशील भरू नये. नोंदणीची पोचपावती दूरध्वनीत जतन करून तिची छापील प्रतही जवळ ठेवावी.

अधिकाऱ्याचे चार प्रश्न

क्वालालंपूरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरील अधिकाऱ्यास प्रवाशाची चौकशी करण्याचा आणि समाधान न झाल्यास प्रवेश नाकारण्याचा अधिकार आहे. सीमेवरील तपासणीसाठी स्थापन केलेली स्वतंत्र यंत्रणा २०२५ मध्ये कार्यरत झाल्यापासून या छाननीबाबतच्या बातम्या वारंवार प्रसिद्ध झाल्या आहेत. खोटे हॉटेल आरक्षण, अपुरे पैसे आणि प्रवासाचे न पटणारे कारण ही प्रवेश नाकारण्याची कारणे त्यांत प्रामुख्याने सांगितली जातात.

प्रश्न साधारणपणे चार असतात. कशासाठी आलात? कोठे राहणार? परत केव्हा जाणार? खर्च कसा भागविणार? यांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत. परतीचे किंवा पुढील देशाचे पक्के तिकीट, मुक्कामाच्या सर्व रात्रींचे हॉटेल आरक्षण, नातेवाइकांकडे राहणार असल्यास त्यांचा पत्ता व दूरध्वनी आणि पुरेशा पैशांचा पुरावा सोबत असावा. काही जण नोंदणी पूर्ण व्हावी म्हणून हॉटेलचे आरक्षण करतात आणि लगेच रद्द करतात. अधिकाऱ्याने त्या हॉटेलकडे चौकशी केली तर ही चलाखी अंगलट येते.

पैशांबाबत भारताचेही नियम आहेत. भारतातून निघताना भारतीय चलनी नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. परकीय चलनाच्या नोटा साधारणपणे एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत मिळतात. त्याहून अधिक रक्कम प्रवासी कार्डावर घेता येते. मलेशियात प्रवेश करताना किंवा तेथून निघताना १०,००० अमेरिकी डॉलरहून अधिक मूल्याची रोकड असल्यास ती जाहीर करणे बंधनकारक आहे. भारतीय रुपये मलेशियात दुकानोदुकानी चालतील अशी अपेक्षा बाळगू नये. रिंगिट किंवा डॉलर अधिकृत विनिमय केंद्रातून पावतीसह घ्यावेत. तीच पावती खर्चाचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

सिंगापूर आणि बोर्निओ : दोन नेहमीच्या चुका

नकाशात क्वालालंपूर आणि सिंगापूर जवळजवळ दिसतात. जोहोर बारू येथून पूल ओलांडला की सिंगापूर लागते. त्यामुळे एकाच सहलीत दोन्ही देश पाहण्याचा मोह होतो. परंतु सिंगापूरने भारतीयांना अशी सरसकट व्हिसा माफी दिलेली नाही. तेथे जाण्यासाठी आधी व्हिसा घ्यावाच लागतो. मलेशियाची सवलत त्या पुलावर संपते. परतीचे विमान सिंगापूरहून असेल आणि सिंगापूरचा व्हिसा नसेल, तर मलेशियात प्रवेश करतानाच परतीच्या तिकिटाबाबत शंका उपस्थित होऊ शकते.

दुसरी चूक मलेशियाच्या अंतर्गत रचनेबाबत होते. बोर्निओ बेटावरील साबा आणि सारावाक ही राज्ये १९६३ मध्ये मलेशियात सहभागी झाली, तेव्हा इमिग्रेशनविषयक स्वतंत्र अधिकार त्यांनी राखून ठेवले. क्वालालंपूरहून तेथे जाणारे विमान देशांतर्गत असले तरी पासपोर्ट दाखवावा लागतो आणि पुन्हा तपासणी होते. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघालेल्या प्रवाशाची तेथे पंचाईत होते. पेनांग आणि लंकावी येथे मात्र अशी वेगळी इमिग्रेशन तपासणी नाही.

व्यापाऱ्यांसाठी

पंडरीसारख्या बाजारातील व्यापारी सहलीबरोबर कापडाचे नमुने पाहणे, पुरवठादाराला भेटणे अशी कामेही करू इच्छितो. बैठका घेण्यास किंवा प्रदर्शन पाहण्यास अडचण नसते. मात्र तेथे दुकान मांडून विक्री करणे किंवा मोबदला घेऊन काम करणे हे भेटीच्या परवानगीत बसत नाही. चौकशीत व्यावसायिक भेटीचा हेतू लपवून 'फक्त फिरायला आलो' असे सांगणे आणि पिशवीत नमुन्यांचे गठ्ठे सापडणे यांतून नाहक संशय निर्माण होतो. खरे कारण सांगून संबंधित व्यापाऱ्याचे निमंत्रणपत्र दाखविणे केव्हाही चांगले.

परतताना आणलेला माल विक्रीयोग्य प्रमाणात असेल तर तो प्रवासी सामान म्हणून शुल्कमुक्त ठरत नाही. व्यापारासाठी आयात करावयाची असल्यास आयातक-निर्यातक संकेतांक घेऊन सीमाशुल्काच्या रीतसर मार्गानेच ती करावी लागते.

मुदत उलटल्यास

परवानगीच्या दिवसांपेक्षा अधिक राहणे हा मलेशियात फौजदारी गुन्हा आहे. तेथील १९५९/६३ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम १५ अन्वये किमान १०,००० रिंगिट दंड, पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढील काळात प्रवेशबंदीही येऊ शकते. आजारपण किंवा विमान रद्द होणे अशा खऱ्या अडचणीत मुदत संपण्यापूर्वीच इमिग्रेशन कार्यालयाशी आणि भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधणे हाच मार्ग आहे.

अमली पदार्थांबाबतचा कायदा अत्यंत कठोर आहे. २०२३ मध्ये मलेशियाने अनिवार्य मृत्युदंडाची तरतूद काढली, परंतु मृत्युदंड रद्द केलेला नाही. तो द्यावा की नाही हे आता न्यायालय ठरविते. त्यामुळे ओळखीच्या किंवा अनोळखी कोणाचेही बंद पाकीट 'तेवढे पोहोचवा' म्हणून सोबत घेऊ नये. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

सर्वांत मोठा धोका

व्हिसा माफीचा सर्वाधिक गैरफायदा खोट्या नोकऱ्या देणारे दलाल घेतात. 'आता व्हिसाशिवाय जा, तेथे पोहोचल्यावर वर्क परमिट करून देऊ' हे त्यांचे ठरलेले आश्वासन असते. या वाक्यावर विश्वास ठेवणे किती महागात पडते, हे २०२५ मध्ये दिसून आले. बँकॉकमध्ये संगणकावरील चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून अनेक तरुणांना थायलंडमध्ये नेण्यात आले. तेथून सीमेवरील माए सोत शहरामार्गे मोई नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी परिसरात त्यांना पोहोचविण्यात आले आणि ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत बळजबरीने काम करावयास लावले गेले. १० आणि ११ मार्च २०२५ रोजी भारताने हवाई दलाच्या विमानांनी माए सोत येथून अनुक्रमे २८३ आणि २६६, असे एकूण ५४९ नागरिक मायदेशी आणले. नोव्हेंबर २०२५ मध्येही अशी उड्डाणे करावी लागली. सुटका झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते.

या तरुणांपैकी थायलंडमध्ये उतरलेल्यांसाठी तेथील प्रवेश अवघड नव्हता. तो सोपा होता म्हणूनच दलालांचे काम सोपे झाले. पर्यटक म्हणून प्रवेश केलेल्या माणसाची नोकरदार म्हणून कोठेही नोंद नसते. त्याचा पगार बुडाला, पासपोर्ट काढून घेतला किंवा त्याला अन्यत्र नेले तर दाद मागताना तो स्वतःच नियमभंग केलेला ठरण्याची भीती असते.

नोकरीसाठी जाण्याचा मार्ग वेगळा आहे. मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशिया हे तिन्ही देश भारताच्या देशांतर तपासणीच्या यादीत आहेत. १९८३ च्या कायद्यातून आलेल्या या व्यवस्थेत, ज्यांच्या पासपोर्टवर देशांतर तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते, त्यांना नोकरीसाठी जाताना मंजुरी घ्यावी लागते. सामान्यतः दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ही नोंद येते. असा पासपोर्टधारक पर्यटनासाठी जात असेल तर २००७ पासून त्यास या मंजुरीची गरज उरलेली नाही. परंतु परतीचे तिकीट आणि सहलीचा तपशील नसल्यास भारतीय विमानतळावर त्याची अधिक चौकशी होऊ शकते. दलाल नोंदणीकृत आहे किंवा नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. जो दलाल वर्क परमिट आधी दाखवू शकत नाही, त्याच्याकडे ते नाही असेच समजावे.

निघण्यापूर्वीची उजळणी

रायपूरचा प्रवासी सहसा कोलकाता, दिल्ली, मुंबई, हैदराबाद अशा मोठ्या विमानतळामार्गे परदेशी जातो. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावे लागते आणि इमिग्रेशनची तपासणीही तेथेच होते. पहिल्या विमानास उशीर होऊन दुसरे चुकले, तर वेगळ्या तिकिटांमुळे भरपाई मिळणे कठीण असते. म्हणून दोन्ही विमानांत पुरेसे अंतर ठेवावे. भारतीय नागरिकांनी प्रस्थानाच्या वेळी भरावयाचा कागदी अर्ज १ जुलै २०१७ पासून बंद झाला आहे.

निघण्यापूर्वी पुढील बाबी एकदा ताडून पाहाव्यात :

- व्हिसा माफी प्रवासाच्या तारखेला लागू आहे काय, हे अधिकृत संकेतस्थळावर पाहिले आहे.
- प्रत्येकाचा पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून सहा महिने वैध आहे.
- तिकीट, आरक्षण आणि नोंदणीवरील नाव पासपोर्टप्रमाणे आहे.
- डिजिटल अरायव्हल कार्ड शेवटच्या तीन दिवसांत, विनाशुल्क भरले आहे.
- परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि पैशांचा पुरावा छापील स्वरूपात हाताशी आहे.
- पासपोर्टची एक प्रत स्वतंत्र ठेवली असून दुसरी घरी दिली आहे.
- क्वालालंपूर येथील भारतीय उच्चायुक्तालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला आहे.

ही तयारी करण्यास एक संध्याकाळ पुरते. कपाटातून पासपोर्ट काढून त्यावरील तारीख पाहण्यापासून तिची सुरुवात करावी. ती तारीख पुरेशी असेल, तरच तिकिटाकडे वळावे.